गुऱ्हाळावरचा उपाशी पाहुणा

थंडी पडून ओढ्याकाठच्या मळ्यात गुऱ्हाळ पेटलं, की त्या वासाला आमच्या घराचा पत्ता विचारावा लागत नाही. खिडकी लावली तर दाराखालून येतो, दाराखाली पोतं सारलं तर कौलातून उतरतो. उकळत्या रसाचा वास म्हणजे आमच्या पलूसकडचा जुना सोयरा. न बोलावता येणार आणि थेट चुलीपाशी जाऊन बसणार. एके काळी आमच्या शिवारात इतकी गुऱ्हाळं होती, की धुराला भिऊन सूर्य गावाबाहेरूनच जायचा आणि कोंबडे नुसत्या अंदाजानं आरवायचे. आता ऊस कारखान्याला जातो. गुऱ्हाळ राहिलंय एकच. वास मात्र सगळ्या मेलेल्या गुऱ्हाळांचा मिळून येतो.

यंदा तो आला तेव्हा मी पेजेची वाटी घेऊन शालनच्या खाटेपाशी उभा होतो. शालन म्हणजे माझी बायको. मिरजेच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आजार गेला. आता पोटात अन्न जाऊ द्या, म्हणजे उठून बसतील." जाऊ द्या! जसं काही अन्न उंबऱ्यावर ताटकळतंय आणि आम्हीच त्याला आडवं पडलोय. सून पेज करते, लेक खीर करते, शेजारीण घरून मऊ भात करून आणते. सगळ्या खाटेभोवती उभ्या राहून एकच मंत्र म्हणतात, "एवढा एकच घास." शालन ओठ मिटते, भिंतीकडं वळते आणि म्हणते, "बेडा."

बेडा म्हणजे कानडीत नको. ती जतकडची. तिकडं मराठी आणि कानडी एकाच घागरीतनं पाणी पितात. पन्नास वर्षं आमच्यात राहून तिची बोली पार कृष्णाकाठची झाली होती. पण आजारात माणूस नको म्हणायला लहानपणीची भाषा शोधतं, असं दिसतं.

पेज गार झाली. तिच्यावर पापुद्रा धरला. मी, ज्यानं बोलून बोलून म्हशीला पान्हा फोडलाय असं पंचक्रोशी मानते, तो मी मुका उभा. तेवढ्यात गुळाचा वास आत आला, शालनची नाकपुडी जराशी हलली, आणि मला एकदम तो आठवला. तोही असाच भिंतीकडं तोंड करून पडला होता.

तो म्हणजे अजगर.

दुष्काळ सरून गेला होता, त्या पुढचा हंगाम. बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की आजही म्हातारी माणसं आवाज खाली करतात. आमच्याकडं नदीनं लाज राखली होती, ऊस उभा होता. आणि काय ऊस! कांडी मोडली की आवाज कराडच्या संगमावर ऐकू जायचा आणि तिथली माणसं तोफ समजून घड्याळ लावायची. त्या उसाचा फड तोडताना एका गड्याचा कोयता पाचोळ्यात शिरला आणि तो ओरडला, "घोणस! घोणस!"

झालं. पाच-पंचवीस कोयते एका जागी जमले. पाचोळ्यात हात-दीड हाताचं काहीतरी वेटोळं घालून बसलेलं. अंगावर तपकिरी ठिपके, शेपटीला कोयत्याची जखम. कोयता वर गेला तेवढ्यात तात्यांची हाक आली. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. मिशी अशी, की दोन्ही टोकांना एकेक साळुंकी बसली तरी तोल जाणार नाही.

"थांबा रं! घोणस न्हवं ती. अजगराचं पिल्लू हाय."

"तात्या, ठिपकं तर घोणशीचंच दिसत्यात की."

"घोणस आसती तर आतापतूर इंजनावानी फुस्कारली आसती. ह्ये बघ, तोंड लपवून बसलंय. नव्या नवरीवानी."

सगळा फड माझ्याकडं बघून हसला. माझ्या लग्नाची हळद अजून नखांत होती.

मग तात्यांनी तिथंच, फडात उभ्या उभ्या, आसामातल्या अजगराची गोष्ट सांगितली. म्हणे एका रात्रीत ओढ्यावर पूल तयार झालेला बघून अख्खी तुकडी त्यावरून पलीकडं गेली, खेचरंसुद्धा; आणि शेवटचं खेचर मध्यावर आलं तेव्हा पुलानं मान वळवून ते गिळलं. लोक तात्यांना थापाड्या म्हणायचे. मला ते पटत नाही. आमच्या घराण्यात थाप कुणी मारत नाही. आम्ही फक्त खऱ्याला पोटभर जेवू घालतो.

पिल्लू पावसाळ्यातल्या पुराबरोबर कोयनेच्या जंगलातून वाहत आलं असणार. जखमेवर हळद भरली, वेताच्या करंडीत घालून ते गुऱ्हाळावर आणलं. बेत साधा होता. दोन दिवस खाऊ-पिऊ घालायचं, अंगात जीव आला की डोंगराच्या घळीत सोडून यायचं. असंच सोडलं असतं तर कावळ्यांनीच फाडलं असतं. तात्यांनी पलटणीतला हुकूम सोडला, "पोटात घास पडल्याबिगर ह्यो पाव्हणा हलणार न्हाई."

इथं आमच्या मुलखाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडं आग्रह हा जेवणातला शेवटचा पदार्थ आहे आणि तो सगळ्यात जास्त वाढतात. पाहुणा नको म्हणाला की यजमानाला चेव येतो. आमच्या एका व्याह्यांनी चौथ्या पुरणपोळीला हात आडवा धरला, तर पोळी हातावर ठेवून वर तूप ओतलं होतं. गुऱ्हाळावर तर हा कायदाच. तिथं आलेला जीव, वाटसरू असो की गोसावी, रसाचा घोट आणि गुळाचा खडा घेतल्याशिवाय परत जायचा नाही. कुणी उपाशी गेला तर गूळ धरत नाही, रस आटवायच्या काहिलीतच चिकट राहतो, असं गूळ करणारा आमचा रामा गुळव्या शपथेवर सांगायचा.

अशा ठिकाणी अजगर येऊन पडला. आणि जेवेना.

पहिल्यांदा अर्थातच दूध. नागपंचमीला नागोबाला दूध दाखवणारी माणसं आम्ही, दुसरं काय सुचणार? पितळेच्या वाटीत म्हशीचं दूध ठेवलं. पिल्लानं वाटीच्या काठावर हनुवटी टेकली आणि झोपलं. मग अंडं ठेवलं. ते त्यानं जीभ लावून तपासलं आणि उशाला घेतलं. मग मटणाचा तुकडा. मग रामा गुळव्या म्हणाला, "काकवी लावून बघूया की. काकवीला देव बी न्हाई म्हणत न्हाई." ओठांना काकवी लावली. सांगली जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या माश्या जमल्या. पिल्लानं डोकं वेटोळ्याच्या आत घातलं आणि आमच्याकडं पाठ केली.

"कायतरी चुकतंय," तात्या म्हणाले. "पलटणीत मी रडणारी पोरं जेवाय घातल्याती. ह्ये तर एवढंसं."

शेवटी उंदीर आला. जिवंत, धान्याच्या कणगीतला. करंडीत सोडला आणि आम्ही सगळे श्वास धरून भोवती बसलो. उंदीर आधी थरथरला. मग त्यानं अजगराला हुंगलं. मग काही होत नाही म्हटल्यावर त्याच्या पाठीवर चढून मिशा पुसल्या. कुणीतरी दया येऊन त्याला ज्वारीचे दाणे टाकले. त्या करंडीत वजन वाढलं ते उंदराचं. असा माजला, की झाकण डोक्यानं उचलून निघून गेला, आणि जाताना त्यानं मागं वळून बघितलं, पाहुणचार बरा होता अशा थाटात.

मगदूम आप्पा रोज संध्याकाळी यायचे. शेजारच्या मळ्याचे मालक, जैन, मुंगी दिसली तरी पाऊल वाकडं टाकणारे. त्यांची फार पंचाईत झाली होती.

"तात्या, एक जीव उपाशी मरतोय त्ये बघवत न्हाई," ते म्हणायचे, "आणि त्याच्या म्होरं दुसरा जीव ठेवायचा म्हंजे... मी काय बोलू? तुमी काय करायचं त्ये करा. मी आपला तिकडं तोंड करून बसतो."

"आप्पा, मग येता तरी कशाला?"

"आवं, जेवलं का न्हाई ह्ये इचारल्याबिगर मला तरी घास ग्वाड लागतोय व्हय?"

हेच सगळ्यांचं झालं होतं. बातमी पसरली तशी माणसं लोटली. रस प्यायला येणारा आधी करंडीचं झाकण उघडायचा. "जेवलं का?" न्हाई म्हटलं की पिल्लाला हातात उचलायचा, तोंडाजवळ तोंड नेऊन समजूत घालायचा, नवा उपाय सांगायचा. कराडहून म्हणे एस.टी. भरून लोक यायला लागले आणि कंडक्टर "अजगर फाटा" म्हणून तिकीट फाडायला लागला. एवढ्या माणसांचा आग्रह! एखादा साधू असता तर त्यानं उपास सोडून हॉटेल काढलं असतं.

पण पिल्लू वाळत चाललं. हे सांगताना मला काही वाढवून सांगता येत नाही. आधी अंग तुकतुकीत होतं, ते सैल पडलं. कातडीला दुमड पडायला लागली, पाठीचा कणा वर आला. दुपारी गर्दी नसताना तात्या एकटेच करंडीपाशी बसलेले दिसायचे, मिशीची टोकं खाली आलेली. तात्यांना मूलबाळ नव्हतं. एकदा माझ्याकडं न बघताच म्हणाले, "शत्रूला मारता येतं रं. उपाशी माणसाच्या तोंडात घास घालता येतो. पर त्येनं गिळायचं मनावर घेतलं न्हाई, तर सुभेदारानं करायचं काय?"

मी भट्टीत चिपाडं सारत राहिलो. यंदा पेजेची वाटी हातात धरून उभा राहिलो, तेव्हा तोच प्रश्न माझ्यापुढं आला.

त्या दिवसांत आमच्या घरात आणखी एक जीव जेवत नव्हता, आणि त्याचं नाव घ्यायची मला सोय नव्हती.

शालन आमच्या घरी आली ती दुष्काळातून. तिच्या माहेरी पाण्याच्या टँकरमागं अख्खं गाव धावलेलं. जित्राबं गेली, मेंढरं गेली. आमच्या घरच्या बायका मनानं लोण्याच्या. त्यांनी ठरवलं, पोरीला खाऊ घालायची. खाऊ घालायची म्हणजे काय, तर ताट वाढून चौघी जणी चार बाजूंनी बसायच्या. "खा बाई, लाजू नगं. तिकडं कुठलं मिळतंय?" भाकरीवर गूळ, गुळावर तूप, वर रसाचा तांब्या. तिनं घास उचलला की एक दुसरीला ढोसायची, "बघ, कशी खातीया. बिचारी." शालनचा हात ताटातच थांबायचा. म्हणायची, पोट भरलं. बायका आणखी वाढायच्या. ती आणखी वाळायची. माहेराहून आणलेल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

मी नवरा. त्या काळी आमच्याकडं नवऱ्यानं दिवसाउजेडी बायकोशी बोलणं म्हणजे गावाला तमाशाचं आमंत्रण. मी फार तर येता-जाता खिशातला गुळाचा खडा तिच्यासमोर टाकायचो. नंतर कळलं, ती तो गोठ्यात रेडकाला घालायची. त्या हंगामात आमच्या रेडकाचं अंग असं भरलं, की गोठ्याचं दार काढून मोठं करावं लागलं.

आणि मग ती दुपार आली.

शालन डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन गुऱ्हाळावर आली होती. करंडीभोवती हीऽ गर्दी. तात्या मध्ये, मेलेला उंदीर सुतळीला बांधून पिल्लासमोर नाचवत होते. काहिलीत रस खदखदत होता, इंजिन धपधपत होतं, आप्पा तिकडं तोंड करून बसले होते आणि रामा गुळव्या ओरडत होता, "तोंडाला लावा, तोंडाला!"

शालननं पाटी उतरवली. पदर नाकापर्यंत ओढलेला. चुलत सासऱ्याशी सुनेनं समोरासमोर बोलायची रीत नव्हती. काही सांगायचं झालं तर तान्ह्या पोराला सांगायचं, म्हशीला सांगायचं, भिंतीला सांगायचं. ज्यानं ऐकायचं तो ऐकतो. शालन करंडीकडं बघून बोलली. अजगराशी.

"का रं बाबा, जेवत न्हाईस?"

सुतळी थांबली.

"कसा जेवशील? भूक न्हाई आसं न्हाई. भूक लय हाय. पर एकानं तोंड उघडायचं आणि धा जणांनी त्येच्या तोंडाकडं बघत बसायचं. घास वर केला की म्हणायचं, बघा बघा, खातंय. दुष्काळातनं आलंय, कवा बघितलं न्हाई. मग उतरतोय व्हय गळ्याखाली? माझा बी न्हाई उतरत."

रस उतू जायला आला तरी रामा गुळव्या हलला नाही. इंजिनसुद्धा धपधप विसरलं, असं मी पुढं पन्नास वर्षं सांगत आलो. ते काही खरं नाही, पण मला तसं ऐकू आलं होतं. तात्यांच्या हातात उंदीर लोंबत होता. रीत त्यांनाही होती. सुनेला उत्तर कसं देणार? त्यांनी खाकरून करंडीकडं बघितलं आणि त्या इतके दिवस पुरुष असलेल्या अजगराला विचारलं,

"मग करावं काय म्हणतीस, बाई?"

"आडोसा करावा," शालन अजगराला म्हणाली. "ऊब द्यावी. पुढ्यात ठेवावं, झाकण घालावं, आणि समद्यांनी आपापल्या कामाला जावं."

एवढं बोलून तिनं रिकामी पाटी उचलली आणि पांदीनं चालू लागली. मागून कुणीही काही बोललं नाही. आमच्या गावात हे पहिल्यांदाच घडत होतं.

तात्यांनी एक फुटका मातीचा डेरा आणवला. गूळ शिजवायच्या भट्टीच्या मागच्या भिंतीशी, जिथं आच लागत नाही पण माती कोमट असते, तिथं चिपाडाच्या ढिगात तो आडवा पुरला. आत पिल्लू, पिल्लापुढं उंदीर, तोंडावर गोणपाट. मग हुकूम सुटला, "पाठ फिरवा!"

न बघणं किती अवघड काम आहे, हे केल्याशिवाय कळत नाही. ऊस तोडावा, मोळ्या वाहाव्यात, काहील उतरवावी. पण चार हातांवर एक गोष्ट चालली आहे आणि मान वळवायची नाही? माणसांच्या माना आखडल्या. एका गड्याची मान अशी धरली, की पुढं वर्षभर तो उलटा चालत बाजाराला जायचा. तात्या स्वतः डेऱ्याकडं पाठ करून पहाऱ्याला उभे राहिले, काठी बंदुकीसारखी खांद्याला लावून. रस प्यायला येणाऱ्यानं "जेवलं का?" म्हणायला तोंड उघडलं, की ते नुसतं मिशीनं "पुढं" म्हणायचे. माणसानं एवढं सगळं करून शेवटी काय करायचं, तर काहीच करायचं नाही. आणि ते काही न करणंच त्याला पेलत नाही. त्या दिवशी आम्ही सगळे किती घामाघूम झालो होतो, आणि कामाला तर कुणी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी गोणपाटाचा कोपरा उचलला. उंदीर नव्हता. पिल्लाच्या अंगाच्या मध्यावर एक गोळा होता, लिंबाएवढा, आणि ते इतकं शांत पडलं होतं, जसं सगळ्या जगाचं देणंघेणं संपलं.

तात्यांनी आरोळी ठोकली. ती ऐकून कृष्णेतल्या सुसरी पलीकडच्या काठाला गेल्या, हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन. माणसं धावली, बायका स्वयंपाक टाकून धावल्या, आमच्या घरच्या चौघीही धावल्या. आप्पा डोळे मिटून म्हणाले, "मी कायबी बघितलं न्हाई. पर बरं झालं, तात्या, लय बरं झालं." त्या दिवशीचा गूळ असा धरला, की ढेप फोडायला पहार लागली.

मी मात्र घराकडं पळालो. ही बातमी तिला मीच सांगणार होतो, रीत गेली खड्ड्यात. दारात आलो तर घर रिकामं. स्वयंपाकघरात शालन एकटी, माझ्याकडं पाठ करून बसलेली. पुढ्यात ज्वारीची भाकरी. गूळ नाही, तूप नाही. पाट्यावर रगडलेला लाल ठेचा. ती जेवत होती. ठेच्याच्या तिखटानं सूं सूं करत होती.

मी उंबऱ्यातूनच मागं फिरलो आणि अंगणात जाऊन उगीचच बैलाचं दावं सोडून पुन्हा बांधलं. नंतर बघितलं तर भाकरीची दुरडी रिकामी होती. एक कोर तेवढी उरली होती, तीही तिनं रेडकासाठी ठेवली असणार.

पुढं त्या डेऱ्यात आणखी काही उंदीर गेले. कातडी भरली, ठिपके चकाकले. थंडी मोडल्यावर तात्यांनी पिल्लू घळीत नेऊन सोडलं आणि, बघणारे सांगतात, त्याला सॅल्यूट केला. घरात जेवायच्या वेळी शालनभोवती कुणी बसेनासं झालं. गुऱ्हाळावरचं तिचं बोलणं आमच्या बायकांपर्यंत पोचलं होतं. तिचा पाट आडोशाला हलला आणि ठेचा रोज व्हायला लागला.

ही गोष्ट मी पन्नास वर्षं सांगतोय. अजगर दरवर्षी वाढला. आधी दोन हात झाला, मग चार, मग बोकड गिळायला लागला; गेल्या वर्षी नातवाला सांगताना तर त्यानं ऊस वाहणारा ट्रॅक्टर अडवला होता. दर वेळी आतून शालनचा आवाज यायचा, "हातभर व्हतं. आणि कोयता तुमचाच लागला आसंल." यंदा सांगायला लागलो तर आतून काही आलंच नाही. गोष्ट तिथंच पडली. थाप मारायलाही घरात खरं माहीत असलेलं माणूस लागतं. नाहीतर ती नुसती हवा.

म्हणून त्या दिवशी, वास आला तेव्हा, मी पेजेची वाटी उचलली आणि बाहेर नेऊन ओतली. सुनेला म्हटलं, "भाकरी टाक. पातळ. आणि ठेचा कर, जरा तिखट."

"मामा, डॉक्टरांनी तिखट..."

"डॉक्टरला मी सांगतो. चमचाभर कर."

भाकरी कुस्करून ताकात कालवली, कडेला नखाएवढा ठेचा. वाटी खाटेजवळच्या स्टुलावर ठेवली. खिडकी उघडी ठेवली, गुळाचा वास येऊ दे म्हणून. सुनेला, लेकीला, शेजारणीला बाहेर घेतलं. त्या म्हणाल्या, अहो, त्यांना भरवायला नको का? म्हटलं, नको.  

दार ओढून घेतलं आणि तात्यांसारखा दाराला पाठ लावून सोप्यात बसलो. काठी होती, ती खांद्याला लावली. मला ठाऊक आहे, माणूस म्हणजे अजगर नाही. आडोसा केला म्हणून सगळेच पाहुणे जेवतात असं नाही. एवढी वर्षं बोललो, त्यातलं एक अक्षर आता कामाचं नव्हतं. बाहेर धूर उसावर पसरला होता. मान मागं वळायला बघत होती, तिला धरून बसलो.

बऱ्याच वेळानं आत वाटी वाजली.

मांजर असेल, मी स्वतःला सांगितलं, आणि मान वळवली नाही.

आमच्या घरात मांजर नाही.